लढाईच्या चित्रावरचा आळ

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं आमचं घर फोडलं, असं आदिलाबादमधली आमची गल्ली आणि आमचे झाडून सारे नातेवाईक आजवर मानत आले. काही जण तिच्याबरोबर एका चित्रालाही दोष देतात. लढाईचं चित्र घरात लावलं म्हणून भाऊ भावापासून तुटला, असं म्हाताऱ्या बायका अजून सांगतात आणि नव्या सुनांना तंबी देतात. यातलं काहीच खरं नाही. घर मी फोडलं. कसं फोडलं ते कुणालाही वाचता येईल असं लिहायचं मी ठरवलं आहे, कारण जिची माफी मागायला गेलो होतो तिनंच मला तसं सांगितलं. ते पुढं येईल. आधी चित्रांचं सांगतो.

बाजारात वडिलांचं फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, निवृत्त झालेल्यांना मिळालेली मानपत्रं, गेलेल्या माणसांचे फोटो, असं सगळं तिथं काचेआड जायचं. निजामाच्या वेळच्या एका अंमलदाराचा बंगला होता. त्याच्या वारसांनी सामान विकायला काढलं तेव्हा वडिलांनी तिथून दोन मोठी छापील चित्रं उचलली. दगडावरून छापलेली विलायती चित्रं आहेत, असं ते सांगायचे. कागद जाड, कडा पिवळट. दोन्हींच्या खाली इंग्रजी अक्षरांत एकेक ओळ होती, पण भाषा इंग्रजी नव्हती. आमच्या शाळेतल्या मास्तरांनाही ती लागली नाही. वडिलांना जे समजलं ते चित्रं बघूनच समजलं.

पहिल्या चित्रात कुठल्या तरी फार जुन्या काळातला दरबार होता. उंच खांब, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह, वर सिंहासनावर कुरळ्या दाढीचा राजा. खाली एक दूत उभा. खांद्यावरून सोडलेलं हिरवं वस्त्र, एक हात पुढं केलेला, तळवा वर. त्याच्या मागं नजराणा घेऊन आलेली माणसं, एक पांढरा घोडा, हस्तिदंत, झाकलेली तबकं. राजाचं तोंड मात्र दूताकडं नव्हतं. तो बाजूला वाकून कानाशी लागलेल्या माणसाचं ऐकत होता. दुसऱ्या चित्रात लढाई. उलटलेला रथ, सोंड उगारलेले हत्ती, भाल्यांचं रान, आणि धुळीत तोच राजा, तीच दाढी, फक्त डोक्यावर मुकुट नाही. छापताना लाल रंग जरासा सरकला होता, त्यामुळं पुढच्या हत्तीच्या डोळ्यातला लाल ठिपका डोळ्याच्या बाहेर पडला होता. लहानपणी मला तो हत्ती रडतो आहे असं वाटायचं.

गिऱ्हाईक विचारायचं, "हा कोनता राजा हाये हो?"

वडील काच कापता कापता म्हणायचे, "राजाचं नाव मले नाही माहीत. तुमी त्या दूताकडे पाहा. त्याचं ऐकलं असतं तर दुसरं चित्र काढायचं कामच पडलं नसतं."

आम्हा दोघा भावांना ते आणखी एक गोष्ट सांगायचे. निरोप्यानं निरोपात स्वतःचं मीठ टाकू नये. अळणी असला तरी तसाच पोचवावा. हे ते दूताबद्दल बोलायचे, पण बाजारातून निरोप घेऊन घरी पळणाऱ्या आम्हा पोरांसाठीही ते होतं.

आईचा एक नेम होता, आणि तो फक्त आमच्या आईचा नव्हता. आमच्याकडं लढाईचं चित्र राहत्या घरात लावत नाहीत. घरात भांडणं होतात म्हणतात. म्हणून दरबाराचं चित्र घरी बैठकीत लागलं आणि लढाईचं दुकानातच राहिलं.

"जोडी तोडली तू," वडील म्हणायचे.

"जोडी मानसाची टिकली पायजे. चित्राची नाही टिकली तरी चालते," आई म्हणायची.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं दुकानात जाऊन लढाईच्या चित्रात दूत शोधायचो. माझं म्हणणं, दूत लढाईत नसतोच, त्याचं काम संपलेलं असतं. लहान्या, म्हणजे माझा भाऊ, म्हणायचा की तो आहे. अगदी मागं, तंबूजवळ, पाठमोरा. तिथं एक हिरवट माणूस होता खरा. "छापणाऱ्याकडे हिरवा रंग उरला असेल," असं म्हणून मी त्याची थट्टा करायचो. तो ऐकायचा नाही. चित्रं दोन ठिकाणी असल्यामुळं शेजारी धरून बघायची सोय नव्हती, म्हणून हा वाद कधी मिटला नाही.

पुढं मी शिकून भीमपूरकडच्या एका मराठी शाळेत इतिहासाचा मास्तर झालो. लहान्यानं शाळा सोडून दुकान धरलं. घरात मान मला होता. पगार माझा होता, वर्तमानपत्र आधी माझ्या हातात यायचं, गल्लीतले लोक मला मास्तर म्हणायचे. हसू मात्र लहान्याच्या वाट्याला होतं. तो घरात शिरला की आई हातातलं काम ठेवून त्याचं ऐकत बसायची. मी आलो की पदर सारखा करायची. हा फरक मला फार लवकर कळला होता, आणि तो मी कधी कुणाला बोलून दाखवला नाही.

वडील गेले. जागामालकानं दुकान रिकामं करून मागितलं आणि सामान घरी आलं, त्यात लढाईचं चित्रही आलं. लहान्यानं ते बैठकीत दरबाराच्या शेजारी लावून टाकलं. बाबांची इच्छा होती, म्हणाला. आईनं उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं, त्यानं पुन्हा लावलं. तेव्हा त्याचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. भावजय तलमडुगुकडची, शेतात राबणाऱ्या घरातली, आणि जिभेची तरतरीत. आईलाही ती आवडायची, कारण दोघींना कुणाच्याही चालण्याबोलण्याची नक्कल करता यायची.

त्या पावसाळ्यात आई अंगणात न्हाणीजवळ घसरून पडली आणि तिचा हात मोडला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. बैठकीतलं चित्र बघून एकीनं तोंडावर हात ठेवला. "बाई बाई. लढाई घरात आणली अन् मंग म्हनता हात काऊन मोडला."

भावजय चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "मावशी, चित्रानं पाय नाही घसरत. शेवाळानं घसरते."

दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही. परक्या बायकांसमोर सुनेनं आपल्याला खोटं पाडलं, असं तिच्या मनानं घेतलं. खरं तर सून तिला काहीच बोलली नव्हती. आणि अंगणातलं शेवाळ घासायचं काम आमच्या घरात माझं होतं. त्या महिन्यात मी ते केलं नव्हतं. हे आईला ठाऊक होतं, भावजयीला ठाऊक होतं, आणि दोघींपैकी कुणीही ते बोललं नाही.

त्यानंतर चित्रावरून धुसफूस वाढतच गेली. एक दिवस आईनं ताट सरकवलं. ते चित्र या भिंतीवर आहे तोवर आपण जेवणार नाही, म्हणाली. लहान्यानं चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं, आणि बायकोला म्हणाला, "चाल." इचोड्याला हमरस्त्यावर एक गाळा त्यानं आधीच बघून ठेवला होता. टेम्पोत सामान चढत असताना तो दोनदा माझ्याकडं वळून बघत उभा राहिला. मी काहीतरी बोलेन, शेवाळाचं तरी बोलेन, असं त्याला वाटलं असणार. मी म्हणालो, "आईचं ऐकायला पायजे होतं तू."

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. टेम्पो गेल्यावर मला बरं वाटलं होतं.

मधे दोनेक वर्षं गेली. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, मोठी आणि धाकटी. थोरल्या घरी सगळे जमतात. मोठी लक्ष्मी मोठ्या सुनेनं उंबऱ्याच्या आत आणायची आणि धाकटी धाकट्या सुनेनं, अशी आमच्या घरची चाल. पहिल्या वर्षी भावजय नव्हती म्हणून दोन्ही माझ्या बायकोनं आणल्या, आणि आई दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी सण जवळ आला तशी तिनं मला बोलावून समोर बसवलं. आमच्याकडं अशा जेवणाचं आवतन माणूस पाठवूनच द्यायचं असतं. घरचा माणूस कुंकू आणि अक्षता घेऊन उंबऱ्यापर्यंत जातो, घरच्या बाईला कुंकू लावायला देतो, हातावर अक्षता ठेवतो आणि तोंडानं या म्हणतो. त्याशिवाय दिलेलं आवतन आम्ही आवतन धरत नाही.

तिनं पुडी माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "मोठ्या, लहान्याले म्हण, चित्र घेऊन ये. दरबाराच्या बाजूले लावू आपन. तुह्या बाबाची जोडी आहे. अन् तिले म्हण, शेवाळाचं ती खरं बोलली होती, मलेच राग आला. धाकटी लक्ष्मी तिच्याच हातानं घरात येईन, नाही तर उंबऱ्याबाहेर राहीन."

मी इचोड्याला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. लहान्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडं होतं. मधून नागपूरकडं आणि हैदराबादकडं जाणारे ट्रक धडधडत होते. एक ट्रक गेला की दुकान दिसायचं, दुसरा आला की झाकायचं. दर्शनी भिंतीवर लढाईचं चित्र होतं. समोर दोन ड्रायव्हर उभे होते आणि लहान्या त्यांना चित्रातलं काहीतरी बोट दाखवून सांगत होता. ते खदखदून हसत होते. एक जण त्याला सेठ म्हणाल्याचं मला इकडं ऐकू आलं.

मी रस्ता ओलांडला नाही. अलीकडं एक ढाबा होता, तिथं बाकावर बसलो आणि चहा सांगितला. तो बघेल, दादा म्हणेल, पळत येईल, मग निरोप सांगू. मोठा मी होतो. मी आलो होतो तेवढं पुरे होतं. मग भावजय मागच्या दारातून डबा घेऊन आली, त्याला काहीतरी म्हणाली, तोही हसला. आमच्यावाचून त्यांचं काहीही अडलेलं दिसत नव्हतं. मला वाटलं, आता हा निरोप मी नेऊन दिला की हे परत येणार. चित्र भिंतीवर लागणार. हिचं खरं ठरणार, आणि ते शेवाळ कुणी घासलं नव्हतं यावर जेवणाच्या पंगतीत सगळे हसणार. आई परत त्याच्याकडं तोंड करून बसणार.

आदिलाबादची बस आली. मी उठलो. ढाब्याच्या मागं कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, तिथं पुडी सोडली. अक्षता त्यांनी टिपल्या. कुंकवाची बोटं ड्रमातल्या पाण्यानं धुतली आणि रुमालाला पुसली.

घरी आई चौरंगाजवळ बसून लक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या करत होती. "सांगतलं?"

"सांगितलं."

"मंग?"

"नाही येत म्हणला."

तिनं निरी मोडली, परत घातली. "अन् ती? ती काय म्हणे?"

इथं मी गप्प बसलो असतो तर पाप अर्धंच झालं असतं. पण तिला पटावं म्हणून मी बोललो. "ती म्हणे, चित्र आमी इथून हालवत नाही. अन् तुमच्या घरात तं पाय घसरते बाप्पा, आमी काऊन यावं?"

ते वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं. त्यात भावजयीची जीभ होती, तिची ठेवण होती, म्हणून आईला एका क्षणात खरं वाटलं. वडील ज्याला मीठ म्हणायचे ते हे. आईनं साडी मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाली, "चित्रानं घर खाल्लं माह्यं." पुन्हा त्या दोघांचं नाव तिनं माझ्यासमोर काढलं नाही.

ते वाक्य गल्लीत गेलं. आईनंच कुणाला तरी सांगितलं असेल, आणि असं टोकदार वाक्य एका घरात राहत नाही. सासूच्या आवतनाला सुनेनं असा जबाब दिला, ही गोष्ट लग्नाकार्यात, पंगतीत सांगितली जाऊ लागली. मी समोर असलो तर लोक माझ्याकडं सहानुभूतीनं बघायचे. मी मान खाली घालायचो, आणि तेही माझ्या चांगुलपणाच्या खात्यात जमा व्हायचं. माझ्या बायकोनं एकदा विचारलं होतं, "खरंच अशी म्हणली ती?" मी हो म्हणालो. तिनं परत विचारलं नाही.

आई गेली तेव्हा लहान्या आला. खांदा दिला. तेरवीला भावजयही आली. ती अंगणातून घरात येत असताना आमची एक मावशी पायरीवर बसली होती. मावशी म्हणाली, "सांभाळून गं बाई. आमच्या घरात पाय घसरते."

बसलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. भावजय थांबली. "काय झालं मावशी?" तिनं विचारलं. मावशीनं तोंड फिरवलं. भावजयीनं माझ्याकडं बघितलं, घरचा मोठा म्हणून. मी पत्रावळी मोजायला आत गेलो. मोजायच्या नव्हत्या, त्या आधीच मोजलेल्या होत्या. ती न जेवता गेली, आणि लहान्या पंगतीतून उठून तिच्या मागं गेला. लोक म्हणाले, बघा, आईच्या तेरवीलाही हिचा तोरा गेला नाही.

यानंतर वर्षंच्या वर्षं गेली. एवढ्या काळात मी शाळेत मुलांना दूत, तह, वेढे, लढाया शिकवत राहिलो. दरबाराचं चित्र एकदोनदा वर्गातही नेलं. दूताला मारत नाहीत, तो दुसऱ्याचा शब्द घेऊन आलेला असतो, असं सांगितलं. मुलं लिहून घ्यायची. मला त्या वेळी काही वाटायचं नाही असं नाही, पण तास संपला की ते संपायचं.

मागच्या उन्हाळ्यात इचोड्याहून एक जीपवाला आला आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवून म्हणाला, "तुमच्या भावानं धाडलं. दुकान बंद करून राह्यले ते. डोळे चालत नाहीत, हात कापतो, काच नाही कापता येत. म्हणले, जोडी आहे, आता एका भिंतीवर लावा."

लढाईचं चित्र होतं. फ्रेम नवी होती, लहान्यानं स्वतः केलेली, एका कोपऱ्यात सांधा जरा उघडा राहिलेला. मी ते दरबाराच्या शेजारी लावलं. बायको स्वयंपाकघरातून आली आणि बघत उभी राहिली.

"लढाईचं चित्र घरात?"

"काढू?"

"राहू द्या. आता भांडायले कोन उरलं घरात."

दुपारी ती झोपल्यावर मी वाचायचं भिंग घेऊन चित्रांजवळ गेलो. तंबूजवळचा माणूस बघितला, मग दरबारातला दूत बघितला, मग परत तंबूजवळचा. हिरव्या वस्त्राची किनार तीच होती. खांद्यावरचा बिल्ला तोच होता. लहानपणी तो पाठमोरा वाटायचा. भिंगातून दिसलं की तो पाठमोरा नाही, त्यानं चेहरा हातानं झाकला आहे. लहान्याचं खरं होतं. दूत लढाईत होता.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तिच्या हातची लक्ष्मी आणून राह्यली होती." मग तिनंच कुंकवाची पुडी बांधून दिली, आणि मी इचोड्याला गेलो.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. रिकाम्या भिंतीवर चित्राच्या जागी फिकट चौकोन होता. त्याच्या खाली लहान्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी खाकरलो, तशी त्यानं मान वर केली.

"दादा?"

"हो."

"चित्र पोचलं?"

"पोचलं. लावलं." मी समोरच्या पेटीवर बसलो. भावजय पाणी घेऊन आली आणि आतल्या दारात उभी राहिली. केस सगळे पांढरे. मी ठरवून आलो होतो तसं काही बोलता आलं नाही. "त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी मी इथं आलो होतो," म्हणालो.

"माहीत आहे," लहान्या म्हणाला. "हिनं पाहिलं होतं तुले. ढाब्यावर बसून राह्यला होता. हिनं चहाही टाकला होता. मी म्हटलं, दादा सोताच येईन. मंग ट्रक आला मधात, अन् ट्रक गेला तं तू नव्हता. मले वाटलं, शाळेच्या कामानं आला असशीन." मग म्हणाला, "घरात पाय नाही ठेवला, याचं वाईट वाटलं होतं गड्या. लय दिवस वाटलं."

"शाळेचं काम नव्हतं. आईनं धाडलं होतं. आवतन घेऊन."

त्याची मान तशीच राहिली. भावजयीनं दाराची चौकट धरली. मी सगळं सांगितलं. ढाबा, कोंबड्या, बस, आणि घरी जाऊन आईला काय सांगितलं ते. भावजयीच्या तोंडचं म्हणून जे वाक्य सांगितलं होतं तेही मी शेवटपर्यंत म्हटलं.

"तरीच," भावजय दारातूनच म्हणाली. "तरीच मावशी तेरवीले तशा बोलल्या. मी रस्ताभर याईले विचारत होती, मी काय केलं म्हनून."

लहान्यानं विचारलं, "आई काय म्हनली होती? तिचे शब्द सांग. तुये नको."

मी सांगितले. चित्र घेऊन ये. दरबाराच्या बाजूले लावू आपन. तुह्या बाबाची जोडी आहे. तिले म्हण, शेवाळाचं ती खरं बोलली होती, मलेच राग आला. धाकटी लक्ष्मी तिच्याच हातानं घरात येईन, नाही तर उंबऱ्याबाहेर राहीन. यातला एकही शब्द मी विसरलेलो नव्हतो. पोचवला असता तर कदाचित विसरलो असतो.

"परत सांग," तो म्हणाला.

परत सांगितलं. त्यानं बंद डोळ्यांवरून हात फिरवला. माझ्यावर तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मले वाटे, बोलावलंच नाही तिनं."

मी खिशातून पुडी काढून भावजयीपुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

"हे नका देऊ भाऊजी. ज्याईचं आवतन होतं त्या गेल्या."

"मी माफी मागायला आलोय."

"मले मागून काय करता?" ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता. "मले तं माहीतच होतं, मी नाही म्हटलं. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा."

पुडी परत घेऊन मी घरी आलो.

या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले, तेव्हा मी पंगतीसमोर उभा राहून सांगितलं. ते वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं. आवतन पोचलंच नव्हतं. लोकांनी हातातले घास खाली ठेवले. मग एक चुलतभाऊ म्हणाला, "बसा मास्तर. या वयात भावजयीचा दोष स्वतःवर घेऊन राह्यले, मोठं मन आहे तुमचं." बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी भिंतीकडं बोट केलं आणि म्हणालं, ते चित्र परत घरात आलं ना, म्हणून यांना असं सुचून राह्यलं. मी ओरडून सांगितलं असतं तरी काही झालं नसतं. खोटं एका वाक्यात गेलं होतं, खरं तेवढ्या वाटेनं परत येईना.

म्हणून हे लिहून देतो आहे. माझं मन मोठं नाही. माझ्या भावजयीनं कुणाचं घर फोडलं नाही, तिनं आईला उलट जबाब दिला नाही, आणि ज्या आवतनाला ती आली नाही म्हणतात ते आवतन कोंबड्यांनी खाल्लं. शेवाळाचं ती बोलली ते खरं होतं, आणि आईनं ते मान्य केलं होतं. चित्रं दोन्ही माझ्या बैठकीत शेजारी शेजारी आहेत. ज्याला बघायची त्यानं यावं. भिंग मी देईन. तंबूजवळच्या त्या माणसानं तोंड झाकलं आहे, ते मात्र भिंगाशिवाय दिसत नाही.

धाकटी लक्ष्मी याही वर्षी माझ्या बायकोनंच आत आणली. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली होती. रस्त्याकडं बघितलं, आणि मग आत आली.